शिक्षा झाली, आता आरोपींचं अपील लागलंय : एका भावाच्या प्रश्नाला उत्तर

भावाचा प्रश्न लांबलचक आहे, मी आटोपशीर करून सांगते. २०२१ साली त्यांच्या बहिणीला रात्री कामावरून परत येताना रस्त्यावरून ओढून गाडीत घातलं. गाडीत मारहाण झाली, शेतावरच्या एका खोलीत तिघांनी अत्याचार केले आणि पहाटे तिला हायवेच्या कडेला सोडून दिलं. सत्र न्यायालयाने तिघांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३६६ (पळवून नेणं) आणि ३७६-ड (सामूहिक बलात्कार) खाली दोषी धरून वीस वर्षं सक्तमजुरी दिली. गाडी चालवणारा चौथा संशयाचा फायदा मिळून सुटला. आता तिघांनी उच्च न्यायालयात अपील केलंय आणि त्याची नोटीस पोलीस घरी देऊन गेले. भाऊ विचारतात : केस पुन्हा पहिल्यापासून चालणार का? बहिणीला परत पिंजऱ्यात उभं राहावं लागणार का? तोवर हे जामिनावर बाहेर येणार का? चौथ्याचं काय? आणि दिल्लीच्या छावला प्रकरणात झालं तसं इथेही शेवटी सगळे सुटले तर?

मी आधी अकरा वर्षं सहायक सरकारी वकील होते, गेली चौदा वर्षं बचावाच्या बाजूने फौजदारी अपिलं चालवते. म्हणजे असल्या शिक्षा टिकवायचंही काम केलंय आणि उलटवायचंही. त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला काही ठिकाणी थंड वाटेल. पण तुमच्यासमोर जो वकील उभा राहणार आहे तो कसा विचार करतो, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर : नाही. तुमच्या बहिणीची साक्ष संपली. अपिलात साक्षीदार बोलावत नाहीत. जादा पुरावा घेण्याचा किंवा फेरखटल्याचा अधिकार वरच्या कोर्टाला असतो, पण तो क्वचित वापरला जातो. बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली गुजरातचा खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला होता, पण तिथे साक्षीदार धाकाने फिरले होते, सगळा खटलाच खोटा पडला होता. तुमच्याकडे तसं काही नाही.

अपील चालतं ते कागदावर. सत्र न्यायालयातून सगळं रेकॉर्ड मुंबईला, किंवा तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिकडे जातं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाच सर्किट बेंच आहे. त्या रेकॉर्डवरून पेपरबुक तयार होतं. फिर्याद, साक्षी, पंचनामे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सीए म्हणजे रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, निकाल, सगळं एका बाडात आणि प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक. शिक्षा वीस वर्षांची, म्हणून दोन न्यायमूर्ती ते ऐकतील. त्यांनी तुमच्या बहिणीला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाहीत. ती साक्ष देताना थांबली, पाणी मागितलं, आरोपीकडे बोट दाखवताना तिचा हात कापत होता, यातलं सत्र न्यायाधीशांनी जेवढं लिहून घेतलं असेल तेवढंच वर पोचतं. साक्षीदाराची वागणूक नोंदवायची तरतूद कायद्यात जुनी आहे, पण पाटीवर साठ केसेस असल्या की 'साक्षीदार रडू लागली' ही ओळ टाइप करायला कुणाला वेळ असतो?

म्हणून माझी पहिली सूचना : साक्षीच्या प्रमाणित नकला आजच मागवा आणि त्यातली बहिणीची साक्ष मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचा. आपल्याकडे बऱ्याच न्यायालयांत साक्षीदार मराठीत बोलतो, कारकून मराठीत लिहितो आणि न्यायाधीश इंग्रजीत घेतात. वर वाचली जाते प्रामुख्याने इंग्रजी. मी एका अपिलात बचावाकडून होते. इंग्रजी साक्षीत मुलीचं वाक्य 'दे टुक मी टू द व्हेइकल' एवढंच होतं आणि मी त्यावर वीस मिनिटं बोलले, की यात बळजोरी कुठे दिसते? सरकारी वकिलांनी शांतपणे मराठी प्रत काढली. तिथे होतं : 'मला केसाला धरून गाडीपर्यंत ओढत नेले.' माझा मुद्दा तिथेच संपला. पण त्या सरकारी वकील बाईंनी मराठी प्रत वाचलीच नसती तर? तसं होताना मी पाहिलंय.

ते एक क्रियापद एवढं महत्त्वाचं का, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या केसमधलं कलम ३६६ त्यावरच उभं आहे. आपण बोलताना सगळ्यालाच अपहरण म्हणतो. जुन्या दंड संहितेत मात्र दोन वेगळे प्रकार आहेत. अज्ञान मुलाला किंवा मुलीला पालकाच्या ताब्यातून नेणं हा एक, तो कलम ३६३ खाली आपोआप गुन्हा होतो. सज्ञान माणसाला बळजबरीने किंवा फसवून एका जागेवरून दुसरीकडे जायला लावणं हा दुसरा. गंमत अशी की हा दुसरा प्रकार नुसता असला तर गुन्हाच नाही. त्याला हेतू जोडावा लागतो. बाईला पळवून तिच्याशी जबरदस्तीने संबंध ठेवायचा हेतू असला की ३६६ लागतं, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तुमची बहीण तेव्हा सज्ञान होती, म्हणजे दोन्ही गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात : नेताना बळ वापरलं, आणि नेतानाच तो हेतू होता. बचावाचा वकील म्हणेल की ती ओळखीतून गाडीत बसली, पुढे काय झालं ते वेगळं. हा युक्तिवाद इतका ठरलेला आहे की तो झाला नाही तर मला आश्चर्य वाटेल. त्याला उत्तर म्हणजे 'ओढत नेले', तुटलेली चप्पल, जागेचा पंचनामा, दंडावरचे वळ. निकालपत्रात हे कुठल्या परिच्छेदात आलंय ते शोधून ठेवा. जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, तुमच्या प्रकरणाला मात्र जुनी दंड संहिताच. कुणी नवी कलमं सांगून घोळ घातला तर लक्ष देऊ नका.

आता जामीन. शिक्षा झाल्यावर त्याला शिक्षा स्थगितीचा अर्ज म्हणतात आणि तो अपिलाबरोबर किंवा लगेच मागोमाग येतोच. शिक्षा दहा वर्षं किंवा जास्त असेल तर सरकारी वकिलांना लेखी विरोध करायची संधी दिल्याशिवाय कोर्ट सोडू शकत नाही. कोर्ट त्या टप्प्यावर सगळा पुरावा पुन्हा तोलत नाही. निकालात उघड दिसणारं भगदाड आहे का, एवढंच बघतं. २०२३ मध्ये ओमप्रकाश साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलंय की शिक्षा झालेल्या माणसाला खटल्याआधीच्या आरोपीसारखं निर्दोष समजून चालत नाही. पण दुसरी बाजूही ऐका. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकलं जाण्याची शक्यता नसेल तर स्थगितीचा उदारपणे विचार करावा, असा १९९९ चा निकाल आहे आणि बचावाचा प्रत्येक वकील तो खिशात घेऊन फिरतो. हे तिघे २०२१ पासून आत असतील तर अजून तीन-चार वर्षांनी, अपील ऐकलंच गेलं नाही तर, हा मुद्दा जड होईल. म्हणून अपील लांबवण्यात तुमचा फायदा नाही. लवकर ऐका, असा अर्ज पीडितेतर्फेसुद्धा करता येतो. आणि स्थगिती मिळालीच तर अटी मागता येतात : तालुक्यात पाय ठेवायचा नाही, ठाण्यात हजेरी, संपर्काचा प्रयत्न झाला की आदेश रद्द.

'आमचं कोण ऐकणार' असं तुम्ही लिहिलंय. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपासापासून अपील संपेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. आलेली नोटीस हे त्याचंच दार आहे, कपाटात ठेवून देऊ नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, तिथे अर्ज करा. फक्त एवढं सांभाळा की तुमचा वकील सरकारी वकिलांशी पटवून घेणारा हवा. खटला सरकारचा आहे, दोन तलवारी एका म्यानात भांडायला लागल्या की नुकसान तुमचंच.

छावला. हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि एका ओळीत विचारलाय, पण तुमची झोप उडवणारा तोच आहे हे कळतंय.

९ फेब्रुवारी २०१२. दिल्लीच्या छावला भागात, गुरुग्रामहून काम आटोपून मैत्रिणींबरोबर घरी निघालेल्या १९ वर्षांच्या मुलीला लाल इंडिकात ओढून नेलं. काही दिवसांनी हरियाणातल्या रेवाडी जिल्ह्यात रोढाई गावच्या शेतात तिचा मृतदेह मिळाला. तिघांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २०१४ च्या फेब्रुवारीत फाशी दिली, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती कायम केली. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडलं. सरन्यायाधीश उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांचं खंडपीठ होतं. फेरविचार अर्जही पुढच्या वर्षी फेटाळले गेले. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला की कोर्टाला दयामाया नाही. तो निकाल मी तीनदा वाचलाय, आणि मला त्यात कोर्टाच्या निष्ठुरपणापेक्षा पोलीस ठाण्यातलं आणि खालच्या कोर्टातलं ढिसाळ काम जास्त दिसतं.

काय काय नव्हतं तिथे? ओळख परेड झाली नव्हती. मुलीला ओढून नेताना पाहणाऱ्यांनी कोर्टात आरोपींना ओळखलं नाही. गाडीची जप्ती संशयास्पद. डीएनएचे नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले आणि प्रयोगशाळेत गेले २७ ला. मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात पडून. तीन दिवस-रात्री उघड्या शेतात पडलेल्या देहावर आरोपीच्या डोक्याचा एक केस सापडला, हेही कोर्टाला पटलं नाही. प्रयोगशाळेने कोणती पद्धत वापरली, ती बरोबर होती का, हे ना सत्र न्यायाधीशांनी विचारलं ना उच्च न्यायालयाने. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट : ४९ साक्षीदारांपैकी १० जणांचा उलटतपासच झाला नव्हता, बाकी अनेकांचा वरवरचा. बचाव दुबळा असला की शिक्षा सोपी होते, आणि म्हणूनच वर जाऊन कोसळते. पीडितेच्या बाजूच्या लोकांना हे उलटं वाटतं, पण तुमच्या बहिणीला विचारलेले ते दीडशे घाणेरडे प्रश्न आज तुमच्या कामाचे आहेत. त्यातून पार पडलेली साक्ष वर हलवणं फार अवघड असतं.

तुमची केस छावल्यासारखी नाही, याचं मुख्य कारण दुःखद असलं तरी सरळ आहे. तिथे सांगायला मुलगी उरली नव्हती, सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीवर होता. एक कडी तुटली की साखळी गेली. तुमच्याकडे प्रत्यक्ष सोसलेली व्यक्ती साक्षीला आहे. तिची साक्ष विश्वासार्ह वाटली तर दुसऱ्या कशाचाही टेकू लागत नाही, हा नियम पक्का आहे. त्यातला एक मोठा निकाल आपल्या नागपूरचा आहे : एका फौजदाराला सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सोडलं, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा परत दिली. अत्याचार झालेल्या बाईला गुन्ह्यातल्या साथीदारासारखं संशयाने बघू नका, असं त्यात खडसावलंय. १९९६ च्या गुरमित सिंग निकालाने तेच पुढे नेलं. पण साक्ष अस्सल नाण्यासारखी वाजली पाहिजे, हेही २०१२ च्या राय संदीप निकालात आहे, आणि तिथे आरोपी सुटले. हे सगळे निकाल तुमच्या सुनावणीत टेबलावर असतील.

नाणं वाजवून बघतात कसं, तेही सांगते. पोलिसांपुढच्या जबाबात एक गोष्ट नाही आणि कोर्टात आली, तर ती ओमिशन. जबाबात एक आणि कोर्टात दुसरंच, तर कॉन्ट्रॅडिक्शन. बहिणीच्या साक्षीत तुम्हाला हे वाक्य सापडेल, पैज लावते : 'हे मी पोलिसांना सांगितले होते. माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.' पन्नास साक्षी काढा, चाळिसांत हे वाक्य असतं. घाबरू नका. ते वाक्य आलं म्हणजे ओमिशन सिद्ध झालं असं नाही. बचावाने तोच मुद्दा तपासी अंमलदाराला विचारून, 'होय, तिने मला असं सांगितलं नव्हतं' असं त्याच्या तोंडून काढावं लागतं. ते विसरलं तर ओमिशन हवेत राहतं. मी स्वतः एकदा वर उभी राहून सात ओमिशन वाचून दाखवले आणि न्यायमूर्तींनी विचारलं, यातले अंमलदाराला किती विचारले? खालच्या वकिलाने दोनच विचारले होते. आणि सिद्ध झालेलं ओमिशनसुद्धा मुळावर घाव घालणारं हवं. गाडी काळी की गडद निळी, यावर कुणी सुटत नाही. तिसरा माणूस खोलीत होता की नव्हता, यावर सुटू शकतो. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्ली प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या पहिल्या माहितीत लोखंडी सळईचा उल्लेख नव्हता, यावर बचावाने फार जोर लावला होता. त्या अवस्थेतल्या मुलीने पहिल्या काही वाक्यांत सगळं सांगावं ही अपेक्षा कोर्टाने मान्य केली नाही, आणि मे २०१७ मध्ये शिक्षा कायम झाली.

ओळख परेडबद्दल विचारलंय. तुमच्या बहिणीला दोघे आधीपासून तोंडओळखीचे होते, त्यांच्यासाठी परेडची गरजच नव्हती. तिसरा अनोळखी. त्याची परेड तहसीलदारांपुढे झाली असेल तर पंचनाम्यात दोन गोष्टी बघा : त्याच्यासारखे दिसणारे, त्याच वयाचे डमी होते का, आणि परेडआधी त्याचा फोटो पेपरात आला होता का. परेड झालीच नसेल तरी सगळं संपत नाही. कोर्टातली ओळख हाच मूळ पुरावा आणि परेड त्याला दुजोरा, असं मध्य प्रदेशच्या मलखानसिंग प्रकरणात २००३ मध्ये ठरलंय, तेही सामूहिक बलात्काराचंच प्रकरण होतं. रात्रभर ज्याचा चेहरा एका हाताच्या अंतरावर होता तो चेहरा बाई विसरत नाही, हे कुणी न्यायमूर्तींना शिकवायला नको.

खरी धाकधूक मला तुमच्या डीएनएची आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या कागदांत नमुने घेतल्याची तारीख आणि मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेची पोच यांत बारा दिवस आहेत. नमुना घेतला की बाटली आणि लिफाफा बंद होतो, त्यावर लाख आणि लाखेवर ठसा. तोच ठसा एका कोऱ्या कागदावर उमटवून सोबत जातो. प्रयोगशाळेतला माणूस दोन्ही ठसे शेजारी धरून बघतो आणि रिपोर्टच्या वरच्या भागात एक ओळ लिहितो : सील शाबूत, नमुन्याप्रमाणे. ही ओळ आहे का बघा. मग मुद्देमाल रजिस्टरच्या उताऱ्यात तो लिफाफा कोणत्या तारखेला आत आला, कोणत्या तारखेला कोणत्या हवालदाराने बाहेर काढला. आणि तो हवालदार साक्षीला आला होता का? मी सरकारी वकील असतानाच्या पाचव्या-सहाव्या अपिलात न्यायमूर्तींनी मला विचारलं, "मॅडम, हे नऊ दिवस लिफाफा कुठे होता?" मी पेपरबुक उलटत राहिले. मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाला कुणी तपासलंच नव्हतं, आणि रजिस्टर त्या ठाण्याने कोर्टात दिलंच नव्हतं. ठाण्याचं नाव घेत नाही, पण त्या नऊ दिवसांचा राग मला अजून आहे. डीएनए बाजूला पडला. शिक्षा टिकली ती त्या बाईच्या साक्षीवर आणि तिच्या बांगड्यांच्या तुकड्यांवर. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात देशभरासाठी आदेश दिलाय की नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत. उशीर झाला तर कारण नोंदवायचं. तुमचं प्रकरण त्याआधीचं, तरी बचाव तो निकाल वाचून दाखवणारच. तुमच्या वकिलाची तयारी अशी हवी की डीएनए पूर्ण वगळला तरी बाकीचा पुरावा उभा राहतो हे दाखवता आलं पाहिजे. डीएनएलाच कवटाळून बसलात तर बुडाल.

टोलनाक्याचं सीसीटीव्ही आहे म्हणता. त्याबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र आहे का एवढं पाहा. ते लागतंच, हे २०२० साली जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून पक्कं झालं. नसेल तर फुटेज नाही असं समजून चाला.

चौथा. यावर तुम्ही हात टेकलेत, पण इथेच तुम्हाला स्वतःहून काही करता येतं. आरोपी सुटला तर पीडितेला स्वतंत्र अपील करता येतं, आणि त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी लागत नाही, हे २०१८ च्या कोडगली निकालाने ठरलंय. सरकार करेल म्हणून थांबू नका, आणि उशीर तर अजिबात नको. सामूहिक बलात्कारात प्रत्येकाने कृत्य करावं लागत नाही, समान हेतू पुरे. कटनीकडच्या २००४ च्या एका प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. त्याच निकालात एका आरोपीची जन्मठेप दहा वर्षांवर आणली, कारण सोबतच्या आरोपीला दहाच होती, हेही लक्षात असू द्या. पण चालकाबद्दल मी खोटी आशा देणार नाही. सुटकेविरुद्धचं अपील हा चढावरचा रस्ता आहे. दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा कायम राहतो. तो दारं लॉक करून गाडी चालवत होता, ओरडणं ऐकून रेडिओ मोठा केला, खोलीबाहेर थांबला आणि परत सोडायलाही तोच आला, असं काही साक्षीत असेल तर लढण्यात अर्थ आहे. नुसतं 'गाडी चालवत होता' असेल तर अवघड. अशी सुटका कधी उलटतच नाही असंही नाही. गुजरातच्या २००२ च्या सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये अकरा जणांची शिक्षा कायम केलीच, शिवाय सुटलेल्या पाच पोलिसांना आणि दोन डॉक्टरांनाही दोषी धरलं.

शिक्षा वाढवून मागता येईल का? तुम्हाला नाही. शिक्षा कमी आहे म्हणून अपील फक्त सरकार करू शकतं, पीडितेला तो हक्क नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झालंय. भरपाई कमी वाटत असेल तर मात्र करता येतं. आणि खरं सांगू? वीस वर्षं हीच ३७६-ड ची किमान शिक्षा आहे, दोष कायम राहिला तर कोर्टालाही त्याखाली जाता येत नाही. म्हणून बचावाचा सगळा जोर दोष उडवण्यावर किंवा हा 'सामूहिक' गुन्हा नाहीच असं दाखवण्यावर असेल. तुमची ताकद तिथे लावा. फाशीच्या मागे धावणाऱ्या नातेवाइकांना मी मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणाची आठवण देते. २०१४ ला तिघांना फाशी, २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली. साडेसात वर्षं गेली.

गावात तुमच्यावर दबाव येतोय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांना सांगा की हा गुन्हा मिटवता येत नाही, शिक्षेनंतर तर मुळीच नाही. कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं याची वही ठेवा. साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. ती वही शिक्षा स्थगितीला विरोध करतानाही लागेल. नोटिशीवर बहिणीचं नाव उघडं छापलेलं असेल तर वकिलाकरवी कोर्टाच्या नजरेला आणा, कागदपत्रांत ते झाकून घेता येतं. आणि पुढच्या वेळी पोलिसांना साध्या कपड्यांत यायला सांगा, ऐकतात.

आणि हो, तुम्ही असंही विचारलंय की नोटीस आल्याचं बहिणीला अजून सांगितलं नाही, लपवून सगळं आपणच बघितलं तर चालेल का. नाही चालणार. नोटीस तिच्या नावाची आहे, आणि वकीलपत्रावर सही तिची लागेल, तुमची नाही.